काशिनाथची जीप गप्प केली तेव्हा

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, फार तर पोह्याचे पापड. मला सायलेन्सर आठवतो. त्याला मी तरी काय करणार? हायवेला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये गॅसची नळकांडी, दारात कापलेल्या पायपांचा ढीग आणि वर पाटी, ‘येथे सर्व गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करून मिळतील.’ त्या पाटीखाली माझं आयुष्य गेलं. गणपतीचा कारखाना बघायला पुण्या-मुंबईची माणसं कौतुकाने येत. माझ्या शेडमध्ये मात्र जो येई तो कपाळाला आठ्या घालून आणि कानात बोटं घालूनच येई.

हा धंदा मला समजला असं मी कुणाला सांगत नाही. वेल्डिंग समजलं, पत्रा समजला. पण माणसाला गाडीचा आवाज नेमका किती हवा असतो, हे काही मला उमगलं नाही. आमच्या आळीतले एक गुरुजी मुलाची मोटारसायकल घेऊन सकाळी येत आणि ‘हिचा घसा बंद करा’ म्हणत. संध्याकाळी तोच मुलगा येऊन मी बसवलेली जाळी काढून घेऊन जाई. वर मला डोळा मारून सांगे, ‘बाबांना सांगू नका.’ मी दोघांचंही काम मन लावून करत असे. खरं कोणाचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन म्हणजे छातीचा भाता. तेल जळतं, धूर होतो, तो धूर बाहेर पडल्याशिवाय आत नवी हवा येत नाही. सायलेन्सर म्हणजे त्या धुराच्या वाटेत घातलेले अडथळे. आत पत्र्याचे पडदे असतात, भोकं असतात, धूर त्यांतून वळणं घेत जातो आणि जाता जाता त्याचा आवाज विरतो. अडथळे जास्त घातले की आवाज कमी होतो, पण इंजिनाचा श्वासही कोंडतो. तोंडाला पंचा घट्ट बांधून डोंगर चढून बघा, म्हणजे माझा सगळा धंदा तुम्हाला एका दमात कळेल.

मी हे काम शिकलो रोह्याजवळ, वरश्याला. तिथे हमीद उस्तादांचं गॅरेज होतं. उस्ताद म्हणत, “वसंता, गिऱ्हाईक तीन गोष्टी मागतो. गाडी गप पायजे, गाडी ओढायला पायजे, नि डबा खाली लोंबायला नको. यातल्या दोन दे. तिन्ही मागील त्याला चा पाज नि दुसरा गॅरेज दाखव.” पडदे कमी ठेवून आवाज मारायचा तर डबा मोठा लागतो, हे त्यांचं म्हणणं. मी पेणला स्वतःची शेड टाकली तेव्हा उस्तादांचं हे वाक्य शिदोरीसारखं सोबत आणलं. दुसरं गॅरेज दाखवण्याचा भाग मात्र मला जमला नाही. माझा हट्टच असा, की आलेलं काम परत पाठवायचं नाही.

नव्वद सालानंतरची ती मधली वर्षं. डोलवीला मोठा कारखाना उभा राहत होता आणि खाडीकाठच्या गावांतली माणसं कंत्राटी कामाला जाऊ लागली होती. त्यांना नेण्या-आणण्यासाठी जिकडे तिकडे जिपा झाल्या. या जिपा कंपनीतून निघालेल्या रूपात फारशा उरलेल्या नसत. जुन्या जिपेचं पेट्रोल इंजिन काढायचं आणि भंगारात निघालेल्या टेम्पोचं मोठं डिझेल इंजिन कोंबायचं. मागे बाकडी वाढवायची. इंजिन मोठं झालं तरी धुराची नळी जुनीच, बारीक. मग गाडी गुदमरे. त्यावर आमच्याकडचा रामबाण उपाय म्हणजे नळी जाड घालायची आणि सायलेन्सर कापून फेकून द्यायचा.

काशिनाथ म्हात्रेची जीप अशीच होती. ती पेणच्या बाजारात सुरू झाली तरी माझ्या शेडमध्ये कळे. एका उन्हाळ्यात तो ती घेऊन माझ्याकडे आला. शेजारच्या सीटवर त्याचा थोरला भाऊ दामूदादा बसला होता. दामूदादाचं तोंड दुसरीकडे.

दामूदादा गणपतीचे डोळे आखायचा. मूर्ती कोणी घडवो, रंग कोणी देवो, डोळे शेवटी त्याच्यासमोर येत. बारीक कुंचला, रोखलेला श्वास आणि एक रेघ. ती चुकली तर सगळ्या चेहऱ्याचं वाटोळं. त्याचा कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी, आणि त्या पडवीसमोरून अरुंद आळीतून काशिनाथची जीप दुपारी निघायची.

“वसंता, ह्याला सांग,” दामूदादा म्हणाला, “ही तोफ गप कर, नायतर घरातनं चूल वेगळी कर. काल बाप्पाची बुबुळं कानाकडं गेली माझ्या.”

“दादा, गाडी ओढली नाय तर माणसं कशी न्यायची?” काशिनाथ कळवळून म्हणाला. “वेळेत नाय पोचलो तर कंत्राटदार दुसरी जीप लावील. मग चूल वेगळी करून तिच्यावर शिजवू काय?”

असा तो पेच होता. एकीकडे भाऊ आणि घर, दुसरीकडे जिपेची वर्दी. दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी छाती पुढे काढून म्हणालो, “दोन्ही होईल.”

पहिला सायलेन्सर मी भरगच्च पडद्यांचा केला. जीप एवढी शांत झाली की दामूदादाने पडवीतून बाहेर येऊन खात्री केली. दुसऱ्याच दिवशी रोह्याच्या एका दुकानदाराला मूर्ती पोचवायच्या होत्या. मागे गवतात बसवलेले गणपती, त्यांचे हात सांभाळत दामूदादा, पुढे काशिनाथ आणि मी. नागोठणं मागे पडलं, भिसे खिंडीचा चढ लागला आणि जिपेने नांगी टाकली. मागे काळा धूर, बॉनेटखाली भट्टी. पहिल्या गिअरमध्येही ती म्हाताऱ्यासारखी धापा टाकू लागली. शेवटी मी आणि काशिनाथ उतरून ढकलायला लागलो. दामूदादा आत बसून स्टिअरिंगही धरीना आणि मूर्तीही सोडीना. मागून आलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, “काय रे, बाप्पाला चालत न्यायचा होता काय?”

वरश्याला पोचल्यावर उस्तादांनी नळीच्या तोंडाशी हात धरला आणि ते नुसतेच हसले. “चा पाजलास काय त्याला?” एवढंच त्यांनी विचारलं.

परत आल्यावर मी हट्टाला पेटलो. भंगारातून एका बसचा मोठा डबा आणला, आतले निम्मे पडदे काढले, भोकांच्या नळीभोवती काचेचा कापूस ठासला. डबा खाली लोंबू नये म्हणून तो आडवा, मागच्या बाकड्याखाली बसवला. पहिल्यांदा बसवला तेव्हा एक नवीनच भानगड झाली. कानाला आवाज येईना, पण एक घुमारा उरला. आळीतून जीप जाताना दामूदादाच्या फळ्यांवरचे उंदीर, म्हणजे गणपतीचे उंदीर, थरथरत पुढे सरकायचे. तेव्हा जुन्या टायरच्या पट्ट्या कापून डबा त्यांवर लटकवला. उंदीर जागेवर राहिले. मला वाटलं, जिंकलो.

पण काशिनाथ म्हणाला, “मामा, गाडी ओढत नाय.” मला तो मामा म्हणे.

मी त्याला घेऊन पुन्हा भिसे खिंडीत गेलो. एकदा डबा काढून, नुसती नळी ठेवून चढलो, एकदा डबा लावून चढलो. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. डबा लावलेली जीप तसूभरही मागे पडली नाही, उलट थोडी आधीच वर पोचली. मी घड्याळ काशिनाथच्या नाकासमोर धरलं.

“घड्याळ काय सांगतंय ते सोडा,” तो म्हणाला. “मना ओढ लागत नाय.”

आता याला काय म्हणावं? पुढे त्याचं डिझेलही जास्त जाऊ लागलं आणि माझा गोंधळ आणखी वाढला. डब्याने इंजिन कोंडलं म्हणावं तर चढ लवकर चढते. कोंडलं नाही म्हणावं तर डिझेल जातं. बरेच दिवस शेजारी बसून मी त्याचा पाय पाहत राहिलो तेव्हा थोडा उजेड पडला. पूर्वी जीप ओरडायला लागली की काशिनाथ आपोआप पाय सैल करायचा. आता ती ओरडतच नव्हती, म्हणून तो दाबतच राहायचा. म्हणजे डबा चांगला होता, पाय बिघडला होता. की पाय पहिल्यापासून तसाच होता आणि त्याला सांभाळणारा आवाज मी काढून घेतला होता? मी सायलेन्सरवाला, मला पायाचं काय कळणार?

एवढ्यात एका सकाळी शेडच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. काळ्या, काटक, गुडघ्यापर्यंत पाय मिठागरातल्या चिखलाने पांढरटलेले. एसटीने आल्या होत्या.

“काशाच्या गारीचा आवाज तुनाच नेला ना?” त्यांनी विचारलं. “तो परत दे.”

या ताराबाई. काशिनाथच्या वाटेवर खाडीकाठची तीन गावं लागत, त्यांतलं शेवटचं यांचं. नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन मुली. सकाळी ताराबाई मिठागरात मीठ ओढत आणि दुपारी डोलवीला कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जात. दिवेलागणीला घरी. दोन्ही कामं मिळून त्यांचं घर चाले, एकटं कुठलंच पुरत नसे.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. काशिनाथची जीप कधी ठरल्या वेळी येत नसे. पेणला माणसं भरेपर्यंत थांबायची, कधी रेल्वेचं फाटक लागायचं. आगरात कोणाकडे घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी त्याचा उपयोग नव्हता. पण खाडीवरच्या पुलाची चढण भरलेली जीप चढू लागली की तिचा आवाज सपाट खारजमिनीवरून थेट गावापर्यंत येई. तो ऐकला की बाया हातातली मीठ ओढायची फळी टाकत, पाय खळबळत, जेवणाचा डबा उचलत आणि बांधावरून रस्त्याला लागत. जीप गावात यायला आणि त्या रस्त्यावर पोचायला एकच गाठ पडे. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. काशिनाथलाही ठाऊक नव्हतं. त्याला वाटे, माझ्या बाया फार वक्तशीर.

“हॉर्न वाजवायला सांगतो त्याला,” मी म्हणालो.

“हॉर्न सगलंच वाजवतान रं. ट्रकवाले वाजवतान, एसटी वाजवतं. आन पुलावरचा हॉर्न वाऱ्यात जातो. हिचा गडगडाट जमिनीवरना यायचा.” मग त्या जरा थांबल्या. “दोन येला गारी गेली. मी आगरातच. क्यांटीनचा मुकादम म्हनतो, आजून एक दीस खारा परला की नाव कापीन. माज्या पोरी हायत, बाबा.”

मी त्यांना चहा दिला, पण त्यांनी तो घेतला नाही. पुढची एसटी गाठायची होती. मी दिवसभर काम केलं, पण हातातलं काम कुठल्या गाडीचं होतं ते मला आठवत नाही. एका माणसाच्या गाडीचा आवाज कमी केला म्हणून दुसरीच्या घरची चूल विझायला लागते, हे उस्तादांच्या तीन गोष्टींत कुठेच नव्हतं.

बरं, निदान दामूदादा तरी खूश असेल म्हणून संध्याकाळी त्याच्या पडवीत गेलो. तर तो चिडून बसलेला. “पूर्वी आळीच्या तोंडाशी आली की कळायची,” तो म्हणाला. “कुंचला उचलायचो, ती जाईपर्यंत थांबायचो. आता मांजरासारखी येते नि एकदम दारात काळी सावली पडते. आज भुवई गेली.” दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जिपेच्या पुढच्या बंपरला गुरांच्या गळ्यातली घंटा बांधलेली होती. ज्याला शांतता हवी होती त्यानेच ती स्वतःच्या हाताने बांधली होती. मी हसलो खरा, पण मला माझंच हसू येत होतं.

शेवटी मी एक जुगाड केलं. घाटातल्या ट्रकांना धूर अडवून गाडी आवरायची एक लोखंडी झडप असते. भंगारवाल्याकडून तशी एक आणली. डब्याच्या अलीकडे नळीला फाटा काढला आणि त्या फाट्यात झडप बसवली. झडप मिटली की धूर डब्यातून जाणार, जीप शांत. झडप उघडली की धूर सरळ फाट्याने बाहेर, जीप पहिल्यासारखी. झडपेला स्कूटरच्या क्लचची वायर जोडून तिचा लोखंडी आकडा काशिनाथच्या गुडघ्यापाशी आणला. आळीत मिटायची, पुलावर उघडायची. घरही राहील, बायाही येतील. काशिनाथने आकड्याला कुंकू लावलं.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो. आळीतून घंटा वाजवत निघालो. दामूदादाने कुंचला उचलून धरला होता, आम्ही गेल्यावर तो परत मूर्तीवर वाकला. खारजमीन लागली. उन्हात मिठाचे वाफे चकाकत होते. पुलाची चढण सुरू झाली तसा काशिनाथने मला डोळ्याने इशारा केला आणि मी आकडा ओढला.

बाकड्याखालून ढग फुटल्यासारखा आवाज झाला. खाडीतले बगळे उडाले. मागे बसलेले लोक ‘आला, आला, आपला आवाज आला’ म्हणून ओरडले. आणि दूर वाफ्यांमध्ये वाकलेल्या बायांनी एकेक करून माना वर केल्या. फळ्या खाली पडल्या. बांधावर एकामागे एक रांग लागली, डबे हलत होते, कोणीतरी कोणाला हाक मारत असणार, “चल गो, चल, पुलावर आली!” काशिनाथ लहान पोरासारखा हसत होता. “बघा मामा, बघा!” माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी आवाज मारून पोट भरलं, पण आवाज परत देऊन एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या गावाच्या बाया चढल्या, दुसऱ्या गावाच्या चढल्या, सगळ्यांचे पाय चिखलाने ओले. शेवटच्या गावाच्या थांब्यावर आलो तर ताराबाई आधीच बसलेल्या. बोरीच्या झाडाची टीचभर सावली, तीही त्यांच्यावरून सरकून गेली होती. मांडीवर डबा. लुगडं स्वच्छ होतं आणि पाय कोरडे होते.

“आवाज आला ना, ताराबाई?” मी जिपेतूनच ओरडून विचारलं.

“आला की. पार पुलावरना आला.”

“मग एवढ्या लवकर कशा पोचलात?”

“मी सकालधरना हितंच हाय.”

मला क्षणभर कळलं नाही. “आणि आगर?”

“आगर सोरला. माजा वाफा भावजयला दिला. नाव कापला तर पोरींना काय घालू? म्हनून सकालीच येऊन बसतंय.”

“अहो, पण आता रोज आवाज येणार. त्यासाठीच तर हे केलं. उद्यापासून जा तुम्ही आगरात.”

त्यांनी डबा काखेत मारला, बाकड्याचा दांडा धरला आणि वर चढता चढता माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

“आज आला, बाबा. उद्या नाय आला तं?”

त्या जाऊन कोपऱ्यात बसल्या. बाकीच्या बाया सरकून जागा करत होत्या, मिठाचा वास सगळ्या जिपेत भरला होता. काशिनाथने आकड्यावर हात ठेवला. पुढे डोलवीपर्यंत आवाजाची गरज नव्हती, पण त्याला ते ठरवता येत नसावं. तो माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, “मामा, मिटू की उघडीच राहू दे?”

झडप उघडी होती, इंजिन धडधडत होतं. त्या गडगडाटात त्याला वाटलं असावं की मी काहीतरी उत्तर दिलं, कारण त्याने मान हलवली आणि जीप पुढे काढली.